दुसरी चावी

कोल्हापूरकराचं आणि यंत्राचं नातं जुनं आहे. दसऱ्याच्या संध्याकाळी छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकाकडे निघाली की सोनं लुटायला आलेली माणसं आधी त्या गाडीकडे बघतात, मग एकमेकांकडे. उद्यमनगरातल्या लेथ मशीनवर आणि भट्ट्यांवर पोट भरलेल्या इथल्या किती पिढ्या झाल्या ते मोजणं अवघड आहे. शेतकऱ्याच्या विहिरीवर धडधडणारी ऑइल इंजिनं या गावानं केली आणि विकली. त्यामुळे मोटारीत बसवण्याजोगी कुठलीही नवी चीज बाजारात आली की ती आपल्याकडे पोहोचायला वेळ लागत नाही. आणि ती बसवून देणारा मिस्त्री तर ती येण्याआधीच तयार असतो.

सध्या अशी एक चीज बरीच चर्चेत आहे. मोटारीचा सायरन आणि त्याच डब्यात बसवलेला रिमोट स्टार्ट. म्हणजे गाडी खाली पोर्चमध्ये, तुम्ही वर गॅलरीत चहाचा कप घेऊन उभे. बटण दाबायचं, खाली इंजिन सुरू, एसी सुरू. तुम्ही जिना उतरून जाईपर्यंत गाडी गारेगार. २०१९ साली ह्युंदाईची व्हेन्यू आणि किआची सेल्टॉस या गाड्या आपल्याकडे आल्या. त्यांच्या काही प्रकारांत ही सोय कारखान्यातूनच होती. ती पाहिल्यावर ज्यांच्या दारात दहा-बारा वर्षांची गाडी आहे त्यांनाही वाटू लागलं, आपल्याला का नको? बाजाराला तेवढं वाटणं पुरतं. काही हजार रुपयांत एक काळा डबा, दोन रिमोट आणि वायरींचा एक गठ्ठा मिळतो.

मी स्वतः या फंदात पडायचं कारण माझा पुतण्या. तो कॅनडात विनिपेगला असतो. तिकडे जानेवारीत पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. इंजिनातलं तेल घट्ट होऊ नये म्हणून लोक रात्री गाडीला विजेचा प्लग जोडून ठेवतात. सकाळी घरातूनच गाडी सुरू करतात आणि काचेवरचं बर्फ वितळल्यावर बाहेर पडतात. तो फोनवर म्हणाला, "काका, तुम्ही आणि काकू एप्रिल-मेमध्ये त्या तापलेल्या गाडीत बसता. रिमोट स्टार्ट लावून घ्या की. इथे तर प्रत्येकाकडे असतो." पोरगा काळजीनं बोलतो, त्याला नाही म्हणवेना. म्हटलं, चौकशी तर करू.

पण चौकशी करण्याआधी थोडं मागे जाऊ. गाडी सुरू करणं हे एकेकाळी अंगमेहनतीचं काम होतं, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. जीपच्या आणि अँबॅसिडरच्या पुढच्या बाजूला एक भोक असे. त्यात लोखंडी हँडल घालून जोर लावून फिरवायचं. जाणता ड्रायव्हर नवख्याला पहिला धडा द्यायचा तो हा की, हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेव, पलीकडून विळखा घालू नकोस. कारण इंजिनानं उलटा झटका दिला तर अंगठा, नाहीतर मनगट, गेलंच म्हणून समजा.

या हँडलपासून जगाची सुटका केली ती चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरनं. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींना त्याचा विजेवर चालणारा सेल्फ स्टार्टर बसला. गंमत म्हणजे हा गृहस्थ त्याआधी दुकानातल्या गल्ल्याचं यंत्र, म्हणजे कॅश रजिस्टर, विजेवर चालवण्याच्या कामात होता. गल्ल्याचा खण उघडायला मोटरीनं दिवसभर फिरायची गरज नसते. क्षणभर जोर लावला की काम झालं. मोटारीचं इंजिन फिरवायलाही तसाच क्षणभराचा जोर पुरेल, हे त्यानं ओळखलं. उभी हयात बँकेच्या काउंटरमागे घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही हकीकत फार आवडते. गल्ल्याच्या खणातून मोटारीचा स्टार्टर निघाला!

सेल्फ आला तशी गाडी कुणालाही सुरू करता येऊ लागली. 'कुणालाही' या शब्दात चोरही आला. मग किल्लीवर भिस्त वाढली. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, तेव्हा तिची चावी म्हणजे दात पाडलेली धातूची साधी पट्टी होती. नव्वदच्या दशकात नाशिकच्या 'ऑटोकॉप'सारखे सायरन दारोदार बसले. गाडीला धक्का लागला, दार उघडलं, की भोंगा सुरू. पहिले काही महिने गल्ली जागी होई. पुढे मांजर बॉनेटवर उडी मारली तरी तो वाजू लागला, मग गणपतीच्या मिरवणुकीतला ढोल ऐकूनही वाजू लागला, आणि गल्ली कूस बदलून झोपू लागली.

सायरनचं हे दुखणं जगभरचं आहे. भोंगा चोराला पकडत नाही, तो फक्त माणसाला हाक मारतो. हाकेला कुणी ओ देणार असेल तरच त्याचा उपयोग. म्हणून नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून मोटार कंपन्यांनी वेगळा रस्ता धरला. चावीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी एक चिप घातली. तिला बॅटरी लागत नाही. चावी स्टिअरिंगजवळच्या कुलपात घातली की कुलपाभोवतीच्या तारेच्या कड्यातून तिला जागेपुरती वीज मिळते आणि ती आपला गुप्त क्रमांक सांगते. गाडीच्या संगणकाला तो पटला तरच इंजिन चालू राहतं. चोरानं हुबेहूब दात पाडलेली पट्टी आणली तरी तिच्यात चिप नाही, म्हणून गाडी चालणार नाही. याला इमोबिलायझर म्हणतात. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. आपल्याकडेही बहुतेक कंपन्यांनी तो हळूहळू आणला. मारुतीनं त्याला 'आयकॅट्स' असं नाव दिलं होतं.

भोंगा ओरडतो, इमोबिलायझर गप्प राहून अडवतो. घरात दोन प्रकारची माणसं असतात, तसंच हे.

तर मी गाडी घेऊन माझ्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो. हे मोटारीच्या वायरिंगचं काम करतात. दुकान म्हणजे एक शटर, एक टेबल, टेस्टर, सोल्डरिंगची कांडी आणि हाताखाली एक पोरगा. माणूस बोलायला फटकळ, कामाला चोख.

"मिस्त्री, सायरन बसवायचाय. आणि तो रिमोट स्टार्टही बसतो म्हणे?"

"बसतो की साहेब. दोन-तीन तासांचं काम. दुसरी चावी आणलीय न्हवं?"

"दुसरी कशाला?"

"ती गाडीतच ऱ्हाणार."

मला वाटलं, चेष्टा करतायत. मग त्यांनी टेबलावर डबा उघडून समजावून सांगितलं. गाडीच्या संगणकाला चिपवाली चावी जवळ असल्याखेरीज इंजिन चालू द्यायचं नाही, असं शिकवलेलं आहे. रिमोटनं गाडी सुरू करताना चावी तर वर घरात. मग संगणकाला फसवायचं कसं? दुसऱ्या चावीभोवती तारेचं वेटोळं घालायचं आणि ती डॅशबोर्डच्या आत बांधून टाकायची. चांगल्या संचात ही चावी रिमोटचं बटण दाबल्यावर तेवढ्यापुरतीच जागी होते. हलक्या कामात ती कायमची जागी. काही गाड्यांसाठी चावी न लपवता हेच काम करणारे इलेक्ट्रॉनिक तुकडेही मिळतात. पण त्यांचंही काम तेच, मालक जवळ नसताना 'मालक जवळ आहे' असं संगणकाला सांगणं.

मी ऐकत राहिलो, आणि मला आमच्या बँकेची स्ट्राँगरूम आठवली.

बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या लागतात. एक मॅनेजरकडे, दुसरी हेड कॅशिअरकडे. एकट्याला तिजोरी उघडता येत नाही. याला आम्ही संयुक्त ताबा म्हणत असू. या चाव्यांची दुसरी जोडी असते ती सीलबंद पाकिटातून दुसऱ्या शाखेत ठेवायला दिलेली असते. तिची पावती असते, रजिस्टरला नोंद असते, ठरावीक काळानं जोड्यांची अदलाबदल होते. नवीन लागलेला क्लार्कसुद्धा विचारत नाही की, हा एवढा व्याप कशाला, दुसरी चावी तिजोरीच्याच मागे खिळ्याला अडकवून ठेवू या की. रिमोट स्टार्ट बसवताना आपण नेमकं तेच करतो. एका बाजूनं चोराला घाबरवायला भोंगा लावतो, दुसऱ्या बाजूनं कारखान्यानं दिलेलं सर्वांत भक्कम कुलूप आपल्याच हातानं सैल करतो, आणि दोन्हीचं बिल एकाच कागदावर भरतो.

यात पैशाचाही एक मुद्दा आहे. गाडी चोरीला गेली आणि विम्याचा दावा केला की कंपनी पोलिसांतली फिर्याद मागते, तपास लागला नाही असा पोलिसांचा अखेरचा अहवाल मागते, आणि गाडीच्या दोन्ही मूळ चाव्या मागते. चावी गाडीत राहिली नव्हती ना, मालकानं निष्काळजीपणा केला नव्हता ना, हे तिला पाहायचं असतं. आता दुसरी चावी डॅशबोर्डच्या पोटात होती आणि ती गाडीबरोबरच गेली, हे तुम्ही सर्व्हेअरला कसं पटवून देणार? वाहनकर्जाच्या कितीतरी फायली मी हाताळल्या आहेत. दावा अडकला की कर्जदार बँकेत येऊन बसतो. गाडी गेलेली असते, हप्ता मात्र दर महिन्याला येतच असतो. त्या वेळी माणसाच्या चेहऱ्यावर जे असतं ते पाहिलेला कुणीही दुसरी चावी जपून ठेवील. शिवाय कंपनीनं बसवून न दिलेल्या विजेच्या उपकरणांची पॉलिसीत वेगळी नोंद करावी लागते, त्याचा जादा हप्ता भरावा लागतो. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंग कापण्याआधी वॉरंटीचं पुस्तक उघडून वाचावं.

पण हे झालं पैशाचं. मिस्त्रींनी पुढे जे विचारलं ते जिवाशी संबंधित होतं.

"साहेब, गाडी लावताना तुम्ही गिअरमधी टाकता का न्यूट्रलला ठेवता?"

आमची गाडी साध्या गिअरची. उतारावर पहिल्या गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढायचा, हे गाडी शिकवणाऱ्यानं हातात भिनवलेलं. पन्हाळ्यावर, ज्योतिबाच्या डोंगरावर गाडी लावणारा प्रत्येक जण हेच करतो. आता अशी गिअरमधली गाडी रिमोटनं सुरू केली तर? स्टार्टर मोटर नुसतं इंजिन फिरवणार नाही, चाकंही फिरवील. गाडी उडी मारून पुढे जाईल, आणि इंजिनानं पेट घेतला तर पुढेच जात राहील. आत कुणी नाही, ब्रेकवर पाय नाही. पुढे भिंत असेल तर नशीब. पोर्चमध्ये खेळणारं नातवंड असेल तर?

ऑटोमॅटिक गाडीत ही भीती कमी, कारण ती 'पी' किंवा 'एन'मध्ये असल्याशिवाय स्टार्टरच फिरत नाही. तिकडे विनिपेगच्या गाड्या ऑटोमॅटिक. आपल्याकडच्या अजून पुष्कळशा गाड्या साध्या गिअरच्या. बऱ्याच गाड्यांना क्लच दाबल्याशिवाय सुरू न होण्याची सोय असते, ती याचसाठी. रिमोट स्टार्ट बसवणारा त्या क्लचच्या स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकतो, कारण रिमोटला पाय नसतो!

चांगल्या संचात यावर एक उतारा असतो. गाडी थांबवायची, न्यूट्रल करायची, हँडब्रेक ओढायचा, इंजिन चालू असतानाच चावी काढायची, खाली उतरून दार लावायचं, मग डबा स्वतः इंजिन बंद करतो. म्हणजे गाडी न्यूट्रलमध्येच सोडली आहे याची खात्री पटते. त्यानंतर एकदा जरी दार उघडलं तरी रिमोट स्टार्ट रद्द. व्यवस्था उत्तम आहे. पण ती पाळायला रोजची शिस्त लागते, हँडब्रेक चोख लागतो आणि दाराचा प्रत्येक स्विच धड लागतो. "कटकट हाय म्हणून निम्मी लोकं ती बंद करून मागत्यात," मिस्त्री म्हणाले. "मी करत न्हाई. मग ती दुसरीकडं जात्यात."

कायदाही इथे गप्प नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२६ सांगतं की, सार्वजनिक जागी उभ्या गाडीच्या चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस तरी हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला तरी हवा. म्हणजे राजारामपुरीच्या गल्लीत रस्त्याकडेला गाडी उभी करून तिसऱ्या मजल्यावरून इंजिन सुरू करणं या कलमात बसत नाही. स्वतःच्या बंद गॅरेजमध्ये सुरू केलं तर भीती वेगळी. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. शटर ओढलेल्या गॅरेजमधून तो घरात शिरला तर झोपलेल्याला कळतही नाही.

आणि आपल्या गावाचं एक वेगळंच प्रकरण आहे, ते म्हणजे पंचगंगा. राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये ती ५५ फुटांच्याही वर गेली. शाहूपुरीच्या गल्ल्यांत, व्हीनस कॉर्नरला टपापर्यंत बुडालेल्या गाड्या आपण सर्वांनी पाहिल्या. पाणी ओसरल्यावर सगळ्यांत वाईट गोष्ट कुठली, तर 'बघू तरी सुरू होते का' म्हणून सेल्फ मारणं. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन पाण्यावर आदळतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांत भागणारं काम लाखावर जातं. भिजल्यानंतर सेल्फ मारून झालेलं नुकसान म्हणून साध्या पॉलिसीत कंपनी इंजिनाचा खर्च नाकारू शकते. खिशातलं बटण हा मोह फार सोपा करतं. पुरानंतर एकच करायचं. बॅटरीची वायर काढायची आणि गाडी टोचन लावून वर्कशॉपला न्यायची.

हे सगळं ऐकून मी पुतण्याचा रिमोट स्टार्ट रद्द केला. तसंही आपल्याला त्याची गरज किती? कोल्हापूरच्या थंडीत इंजिन गोठत नाही. आजच्या इंजिनाला सकाळी तापवत ठेवावंही लागत नाही. अर्धा-एक मिनिट थांबून सावकाश निघालं की झालं. चोक ओढून वाट बघायचे दिवस कार्बोरेटरबरोबर गेले. राहिला उन्हाळा. चारही काचा खाली करून दोन मिनिटं गाडी चालवली की आतली तापलेली हवा निघून जाते, मग काचा लावून एसी. आमच्या सौभाग्यवतींनी त्यात भर घातली की, गाडी झाडाखाली लावली तर तेवढंही नको.

सायरन मात्र बसवला. मिस्त्रींनी काम कसं केलं ते सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला करून घ्यायचं असेल तर पाहायच्या गोष्टी याच आहेत. बॅटरीपासून निघणाऱ्या वायरीला अगदी बॅटरीजवळच फ्यूज. जोड नुसते पिळून टेप गुंडाळलेले नाहीत, सोल्डर करून वर आकसणारी नळी. आपल्या उन्हात टेपचा गोंद सुटतो, पावसात जोडाला गंज चढतो, आणि मोटारीला आग लागण्याच्या गोष्टी अशाच एखाद्या सुटलेल्या जोडापासून सुरू होतात. स्टिअरिंगखालच्या पिवळ्या वायरींना हात लावला नाही. त्या एअरबॅगच्या.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गाडी अडवणारा रिले त्यांनी स्टार्टरच्या वायरीत घातला, इंजिन चालू ठेवणाऱ्या वायरीत नाही. फरक साधा आहे. रिले बिघडला तर गाडी सुरू होणार नाही, आपण रिक्षा करू. पण तोच इग्निशनच्या वायरीत असता आणि गगनबावड्याच्या घाटात बिघडला असता तर चालती गाडी वळणावर बंद पडली असती. बंद इंजिनाला ब्रेकही जड आणि स्टिअरिंगही जड.

धक्क्याचा सेन्सर त्यांनी कमी ठेवला, मांजरापुरता सोडून. रिमोटचा क्रमांक प्रत्येक वेळी बदलतो ना, तेही विचारून घेतलं. जुन्या रिमोटचा क्रमांक कायम एकच असे. जवळ उभा राहून कुणी तो यंत्रात टिपून घेतला की त्याला गाडी उघडता येई. बदलत्या क्रमांकाच्या रिमोटमध्ये कालची टिपलेली खूण आज चालत नाही.

आणि एक हिशेब मी घरी येऊन केला. जुनी खोड! सायरनचा डबा झोपेतही थोडी वीज खातो, समजा वीस मिलिअँपिअर. दिवसाला अर्धा अँपिअर-तास. पस्तीसच्या बॅटरीचं निम्मं बळ यात पस्तीस-छत्तीस दिवसांत जातं. मुलाकडे महिना-दीड महिना राहून आलो आणि गाडी सुरू झाली नाही, तर चोराला दोष देऊ नये. जाताना बॅटरीची एक वायर काढून जावी, म्हणजे प्रश्न मिटला.

पुतण्याला हे सगळं कळवलं. तो हसला आणि म्हणाला, "काका, तुम्ही गाडीचंसुद्धा ऑडिट केलंत." म्हटलं, करावं लागतं बाबा. यंत्र नवं असो की जुनं, ते बसवणाऱ्यानं काय कापलं आणि काय जोडलं, हे मालकाला माहीत असायला हवं.

आज रविवार आहे. वर्तमानपत्र वाचून झालं की एक काम करा. गाडीच्या दोन्ही चाव्या घरात नक्की कुठे आहेत ते बघा. एक खुंटीला असेल. दुसरीसाठी कपाटं उघडावी लागतील, बायको नवऱ्याला विचारील, नवरा मुलाला विचारील. सापडली की विम्याच्या कागदांजवळ, कुलपात ठेवा. गाडीच्या दाराच्या कप्प्यात सापडली तर मात्र आधी ती बाहेर काढा. सायरनचं नंतर बघता येईल.